‘संपूर्ण संच’ आणि खाणे सोडलेले पिल्लू : बिअर्डेड ड्रॅगनच्या काचपेटीचे दहा महिन्यांनंतरचे परीक्षण

गेल्या जुलैत, आषाढी वारी आटोपून पंढरपूरच्या रस्त्यावरची गर्दी ओसरल्यावर, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचे दोन महिन्यांचे एक पिल्लू आले आणि त्याच्या दोन दिवस आधी त्याच्यासाठी ऑनलाइन मागवलेला एक ‘संपूर्ण संच’ येऊन पडला. हे परीक्षण त्या संचाचे आहे, पिल्लाचे नाही. मात्र संच बरा की वाईट हे ठरवण्याचा खरा अधिकार ज्याचा होता त्याने आपले मत खाणे सोडून नोंदवले, त्यामुळे त्याची हकीकत सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होत नाही. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. हेच चित्र आणि हाच मजकूर छापलेले संच नंतर मी वेगवेगळ्या चार नावांनी विकले जाताना पाहिले, तेव्हा खोक्यावरच्या नावापेक्षा खोक्याच्या आत काय आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आत होते ते असे : ७५ सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच काचपेटी, तिला जाळीचे झाकण, प्लॅस्टिकचे दोन होल्डर, शेकासाठी २५ वॅटचा बल्ब, ‘यूव्हीबी’ (अतिनील किरणांचा एक प्रकार) असे ठळक अक्षरांत छापलेला पिळाचा सीएफएल, रात्रीसाठी लाल बल्ब, काचेला आतून चिकटवायचा काटेवाला तापमापक, पाच किलो पांढरी वाळू, कॅल्शियम पावडरीची डबी, वाळवलेल्या अळ्यांची बरणी आणि बारा पानांची पुस्तिका. किंमत ११,५०० रुपये. खोक्यावर ‘आयुष्यभरासाठी एकदाच खरेदी’ असे छापले होते, आणि मी, जो साधा मिक्सर घेतानाही तीन दुकाने फिरतो, त्या वाक्यावर विसंबलो.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. ऑस्ट्रेलिया आपल्याकडच्या जिवंत सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही, त्यामुळे बाहेरच्या जगात पाळले जाणारे हे प्राणी बंदिवासातच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले आहेत. आमचे पिल्लू पुण्यात प्रजनन करणाऱ्या एका गृहस्थांकडून, पावती आणि जन्मतारखेच्या नोंदीसह आले. घोरपडीसारखा देशी प्राणी पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि परदेशी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही २०२४मध्ये आले आहेत. तेव्हा काचपेटीच्या आधी कागदांची चौकशी वन विभागाच्या कार्यालयात करून घेणे बरे.

मुलाने त्याचे नाव दगडू ठेवले, कारण तो दगडासारखा बसून असे. माझ्या आईने एकदा पेटीपाशी उभे राहून, “कुंपणावरचा सरडा काचेत कशाला कोंडलास रे?” एवढेच विचारले आणि विषय सोडून दिला. पहिले तीन दिवस दगडू नळकांड्यात लपून होता. नव्या जागेचा आणि प्रवासाचा हा ताण आठवडा-दोन आठवडे राहू शकतो असे पुण्याच्या गृहस्थांनी बजावले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या दिवसापासून तो लहान रातकिड्यांवर तुटून पडू लागला. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ मिळून तीस-चाळीस रातकिडे सहज जात, आणि मुलगा वहीत आकडे लिहून ठेवी.

ती वही आता पाहिली की घसरण स्पष्ट दिसते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी २२, मग १४, मग ९, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस प्रत्येकी ३. त्याच सुमारास त्याचा रंगही बदलला. आला तेव्हाचा भुरकट पिवळा वर्ण जाऊन अंगावर शेवाळी काळपटपणा आला, पोट वाळूला टेकवून आणि डोळे मिटून तो तासन्‌तास पडून राहू लागला, आणि रातकिडा नाकावरून चालत गेला तरी जीभ बाहेर येईना. शेजारच्या सराफाच्या काट्यावर वजन केले. पहिल्या दिवशी १९ ग्रॅम भरले होते, तीन आठवड्यांनी ते १८ भरले. या वयाच्या पिल्लाचे वजन महिन्याभरात दुपटीच्या आसपास जायला हवे, त्यामुळे हा एक ग्रॅम कमी होणे दिसते त्याहून पुष्कळ मोठे होते.

विक्रेत्याला फोन लावला. “सर, ते हिवाळ्याच्या झोपेत गेलं असेल, काळजी करू नका,” असे उत्तर मिळाले. ऑगस्टात, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला! थंडीत दिवस आखडले की प्रौढ बिअर्डेड ड्रॅगन काही आठवडे सुस्तावतात आणि खाणे टाकतात हे खरे आहे. पण वर्षाच्या आतले पिल्लू मलूल पडले की आधी हे कारण बाजूला ठेवायचे असते, कारण वाढीच्या वयात उपाशी झोपून राहण्याइतका साठा त्याच्या अंगात नसतो. दुसरा सल्ला मिळाला तो जबरदस्तीने भरवण्याचा, आणि तिसरा लाल बल्ब दिवसाही लावून ठेवण्याचा. यांतला एकही सल्ला आम्ही अमलात आणला नाही याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही; त्याच संध्याकाळी योगायोगाने माझा मेहुणा घरी आला.

हा मेहुणा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत पॉवरलूमच्या कारखान्यात देखभालीचे काम पाहतो, आणि मोटारी व बेअरिंगे तापली आहेत का हे दुरून मोजायची इन्फ्रारेड गन त्याच्या पिशवीत कायम असते. त्याने ती सहज पेटीवर रोखली. काचेवरच्या काटेवाल्या तापमापकात ३७ अंश दिसत होते. ज्या दगडावर दगडू बसत असे तो प्रत्यक्षात साडेतीस अंशांवर होता, आणि पेटीचे दुसरे टोक २७ अंशांवर. “दाजी, आमच्या लूमचं बेअरिंग याच्यापेक्षा गरम असतं की,” एवढे बोलून त्याने गन माझ्या हातात दिली. तापमापक काचेच्या वरच्या भागात, बल्बजवळ चिकटवायची खूण पुस्तिकेत होती, म्हणजे तो बल्बजवळची हवा मोजत होता. पिल्लाच्या पोटाखाली किती ऊब आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

संचावरचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. बिअर्डेड ड्रॅगन आपल्या शरीरात उष्णता तयार करीत नाही, ती बाहेरून घेतो, आणि पचनापासून रोगप्रतिकारापर्यंत सगळे त्या घेतलेल्या उष्णतेवर चालते. लहान पिल्लाला शेकायची जागा पृष्ठभागावर ४० ते ४२ अंश आणि थंड टोक २५ ते २७ अंश असे दोन्ही एकाच पेटीत मिळाले पाहिजे, म्हणजे ते हवे तसे इकडून तिकडे सरकून आपले अंग नेमक्या तापमानावर आणू शकते. आमच्या पेटीत सगळीकडे कोमट होते, तापलेले काहीच नव्हते. पुण्याच्या घरात नीट तापलेल्या पेटीत वाढलेले पिल्लू पहिले काही दिवस अंगच्या जोरावर खात राहिले आणि मग पोटातले पचेना तेव्हा थांबले. थंड अंगाच्या पिल्लाच्या पोटात बळेच किडे ढकलले असते तर ते तिथेच कुजले असते. दगडूला खायचे नव्हते यात त्याची काही चूक नव्हती.

यात सोलापूरकर म्हणून माझी एक वेगळी फसगत झाली, ती लिहिली पाहिजे. मे महिन्यात ज्या गावात दुपारी रस्ता ओस पडतो तिथे एका सरड्याला उष्णता कमी पडेल हा विचारच मनाला शिवला नाही. पण ऑगस्टात आभाळ भरलेले असते, घरातली हवा २७-२८ अंशांवर असते, आणि माणसाला सुखाची वाटणारी ती हवा त्या प्राण्याला गारठ्यासारखी असते. आम्ही पेटी पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवून त्याला ‘सकाळचे ऊन’ मिळते या समाधानात होतो. ते ऊनही काचेतून येणारे होते, आणि खिडकीची काच ऊन आत सोडते पण यूव्हीबी जवळपास सगळीच अडवते.

आता त्या पिळाच्या दिव्याकडे वळतो, कारण संचातली सर्वांत घातक वस्तू मला तीच वाटते. शेकाचा बल्ब कमी पडला तर निदान हात लावून कळते. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दिवा लख्ख पेटलेला असूनही त्यातून मिळायचे ते मिळत नसेल तर पाळणाऱ्याला महिनोन्‌महिने समजत नाही. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या या किरणांनी सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्वाची पहिली पायरी तयार होते, आणि त्यापासून पुढचे ड-३ घडायला अंगाची ऊब लागते. म्हणजे किरण आणि शेक यांतले एक कमी पडले तरी काम अडते. ड-३ नसेल तर खाण्यातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात शिरत नाही, शरीर ते हाडांतून उपसू लागते, आणि आपल्याकडे मुलांना होणाऱ्या मुडदुसासारखा विकार जडतो. जबडा मऊ पडणे, पाय सुजणे, पोट उचलून चालता न येणे ही त्याची उघड लक्षणे. मात्र त्याच्या आधीच भूक मंदावते आणि प्राणी मलूल होतो. दगडूने त्या दिवसांत क्वचित एखादा रातकिडा पकडला की पुढच्या पायाची बोटे क्षणभर थरथरत. मुलाला ते गमतीचे वाटे. मलाही वाटले होते, हे कबूल करतो.

पुण्याच्या त्या गृहस्थांकडे सोलरमीटर ६.५ हे यूव्ही निर्देशांक मोजणारे उपकरण आहे. दिवा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि आमच्याच जाळीचा तुकडा मध्ये धरून मोजमाप केले. पिळाच्या दिव्याखाली, पिल्लू बसते तेवढ्या अंतरावर, ०.७ आकडा आला. या जातीला शेकण्याच्या जागी साधारण ३ ते ५ लागतो. पिळाचा दिवा थोड्याशाच जागेत किरण टाकतो, जाळी त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक खाते, आणि उरलेले अंतरात विरते. त्याच्या जागी मी आर्केडिया कंपनीची १२ टक्के यूव्हीबीची २४ वॅट टी-५ नळी, परावर्तक असलेल्या पट्टीसह, घेतली. जाळीतूनच, २८ सेंटिमीटरवर, तिचा आकडा ३.४ आला. पट्टीसकट खर्च ६,८०० रुपये; संचाच्या निम्म्याहून अधिक, आणि तरीही या सगळ्या व्यवहारातला मला न खुपलेला खर्च हाच. नळी ५५ सेंटिमीटर लांब असल्याने पेटीचा मोठा भाग तिच्याखाली येतो आणि एका टोकाला सावलीही उरते. दिसणारा उजेड तसाच राहिला तरी यूव्हीबी हळूहळू घटते, म्हणून वर्षाने ती बदलायची आहे. बसवल्याची तारीख मी तिच्या टोपणावर मार्करने लिहून ठेवली आहे.

शेकासाठी ७५ वॅटचा हॅलोजन आणि पंख्याच्या रेग्युलेटरसारखा एक डिमर घेतला. जुना प्लॅस्टिकचा होल्डर उतरवला तेव्हा २५ वॅटच्या बल्बनेही त्याची कड तपकिरी पडून किंचित वितळलेली दिसली, वासही येत होता. त्याच होल्डरमध्ये कोणी जास्त वॅटचा बल्ब बसवला असता तर गोष्ट केवळ भुकेवर थांबली नसती. नवीपेठेतून चिनी मातीचा होल्डर आणून लावला. दगडाऐवजी शहाबादी फरशीचा एक तुकडा फरशीवाल्याकडून जवळपास फुकट मिळाला. ही फरशी सावकाश तापते, बराच वेळ तापलेली राहते, तिच्या खरखरीत पृष्ठभागावर नखे झिजतात आणि फडक्याने पुसली की साफ होते. बाजारातल्या रंगीत कृत्रिम खडकांपेक्षा ती शंभर पटीने बरी.

बदल केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. सात वाजता दिवे लागले तेव्हा दगडू नळकांड्यातून अर्धा बाहेर आला, फरशीवर चढला आणि अंग चपटे करून भाकरीसारखा पसरला. काळपट पाठ सरळ दिव्याकडे. दहा मिनिटांनी मानेपासून रंग उतरू लागला, कडेने पिवळसर छटा चढत गेली, आणि वीस-पंचवीस मिनिटांत शेपटीच्या टोकाशी तेवढा गडद पट्टा उरला. मग त्याने तोंड किंचित उघडून ठेवले. मी घाबरलो, पण अंग पुरेसे तापले की हे प्राणी असेच तोंड उघडून उष्णता सोडतात. मेहुण्याच्या गनने फरशी ४१ अंश दाखवली. त्या दिवशी त्याने काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या बोराच्या बीएवढी शी केली, आणि त्याच दुपारी मुलाने सोडलेल्या रातकिड्याकडे मान तिरकी करून पाहिले. एक डोळा, मग दुसरा. जिभेचा चट्‌ असा आवाज आणि दातांत पाय मोडल्याचा बारीक कुरकुर. वहीत त्या दिवशी ६ आकडा आहे, आठवड्याने १९, आणि सप्टेंबरच्या मध्यावर ३८.

तरीही दिवे बदलले आणि काम झाले असे समजून स्वस्थ बसणे मला पटले नाही, कारण न खाण्यामागे जंत, कॉक्सिडियासारखे परजीवी किंवा विषाणूही असू शकतात. आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांनी स्वच्छ सांगितले की त्यांचे काम मुख्यतः जनावरे आणि कुत्र्यांचे आहे; पण ताजी शी लहान डबीत, सुकू न देता, दोन-तीन तासांत आणा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, असेही म्हणाले. कॉक्सिडिया आढळले नाहीत. पिनवर्म या जंताची थोडी अंडी दिसली. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पुण्यातल्या डॉक्टरांशी त्यांनी फोनवर बोलून ठरवले की इतक्या थोड्या संख्येला लगेच औषध नको, आधी उष्णता नीट करा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. दुसऱ्या तपासणीत अंडी जवळपास नव्हती. विक्रेत्याने सुचवलेली कुत्र्याच्या जंतांची गोळी १८ ग्रॅमच्या जिवाला अंदाजाने दिली असती तर काय झाले असते याचा विचार न केलेला बरा.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कारण आमच्यासारखे तीन आठवडे वाट पाहत बसणे चुकीचेच होते. तापमान प्रत्यक्ष मोजून नीट असतानाही पिल्लू तीन-चार दिवस खात नसेल आणि वजन उतरत असेल, डोळे खोल गेले असतील, शी पातळ व विशेष दुर्गंधीयुक्त असेल, पाय झटके देत असतील, किंवा मान वर वळून पिल्लू आकाशाकडे पाहत राहत असेल, तर पुण्याला घेऊन जाण्यात दिरंगाई करू नये. शेवटचे लक्षण पिल्लांमधल्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या बाधेतही दिसते, आणि त्यावर औषध नाही. दुसरी पिल्ले असतील तर त्यांना त्यापासून वेगळे ठेवणे एवढेच हाती असते. एका पेटीत दोन पिल्ले ठेवणेही टाळावे. दबणारे पिल्लू शेकाच्या जागेवर पोचत नाही आणि उपाशी राहते, आणि पाहणाऱ्याला ते एकत्र बसलेले, गोड वाटते.

संचातल्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. पांढरी वाळू पहिल्याच दिवशी काढायला हवी होती. किडा पकडताना ती पिल्लाच्या पोटात जाते आणि आतडे तुंबू शकते, आणि तुंबलेल्या पिल्लाचेही पहिले लक्षण न खाणे हेच असते. आम्ही आता कागद अंथरतो. लाल बल्ब रात्री झोपमोड करतो. रात्री पूर्ण काळोख हवा, आणि सोलापुरात फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत रात्री वेगळ्या उबेची गरजच पडत नाही. कॅल्शियमच्या डबीवरचा बारीक मजकूर भिंगाने वाचला तर पहिलाच घटक डायकॅल्शियम फॉस्फेट निघाला. रातकिड्यांत मुळातच फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते, ते प्रमाण दोनास एक असे उलटवायलाच तर पावडर शिंपडायची. तिच्यातूनच आणखी फॉस्फरस देण्यात काय अर्थ? आम्ही साधे कॅल्शियम कार्बोनेट आणले. वाळवलेल्या अळ्या आमच्या दगडूने एकदाही खाल्ल्या नाहीत, आणि त्यांत पाणी नसल्याने लहान पिल्लाला त्या मुख्य अन्न म्हणून देऊही नयेत.

पुस्तिकेबद्दल मात्र थोडे अधिक लिहावे लागेल, कारण तिच्यातला आहार प्रौढ प्राण्याचा आहे : आठवड्यातून दोनदा किडे, बाकी भाजी. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला याच्या अगदी उलट, बहुतांश किडे आणि तेही दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे, लागतात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. भाजीत पुस्तिकेने पालक पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे, ज्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. आम्ही शेवग्याचा कोवळा पाला, किसलेला लाल भोपळा आणि अंगणातल्या जास्वंदीच्या पाकळ्या देतो. जास्वंदीसाठी तो काच ओरबाडतो. शेतातले नाकतोडे धरून घालण्याचा मोह आपल्याकडे फार होतो, आणि तूर-ज्वारीवरच्या फवारणीमुळेच तो टाळायला हवा. पावसाळ्यातले काजवे तर चुकूनही नकोत. काजव्यांच्या अंगातल्या विषाने एकाच किड्यात हे सरडे दगावल्याच्या घटना पशुवैद्यकीय नोंदींत आहेत.

पुढे आणखी दोनदा दगडूने खाणे कमी केले, आणि दोन्ही वेळा कारणे वेगळी निघाली. डिसेंबरच्या शेवटी, रात्री खोलीतली हवा १८-१९ अंशांवर उतरू लागल्यावर, दहा-बारा दिवस तो उशिरा उठे आणि निम्मेच खाई. वजन २६० ग्रॅमवरून २५७ इतकेच हलले, शेकाच्या फरशीचे मोजमाप ठीक होते, शी तपासून घेतली, आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली तोवर स्वारी पूर्ववत झाली. शिवाय सात-आठ महिन्यांच्या वयाला वाढ मंदावते तशी किड्यांची भूक आपोआप उतरते. तिला आजार समजून धावपळ करण्याचे कारण नाही.

दुसरी वेळ या मे महिन्यातली, आणि तिथे संचातल्या पेटीचाच दोष उघडा पडला. बाहेर ४३ अंश, खोलीत ३७, आणि ७५ सेंटिमीटर लांबीच्या पेटीत थंड टोक म्हणावे असे काही उरलेच नाही. दोन्ही टोके चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. दगडू दिवसभर तोंड उघडून नळकांड्यात पडून राही आणि फक्त सकाळी आठच्या सुमारास चार घास खाई. ऑगस्टात जे रूप दिसले होते तेच हुबेहूब, फक्त आता रंग फिका होता, काळपट नव्हता. आम्ही हॅलोजन सकाळी दोन तासांवर आणला, नळी मात्र पूर्ण वेळ चालू ठेवली, पेटी तळमजल्यावरच्या उत्तरेच्या खोलीत हलवली, आणि दुपारी सावलीच्या टोकाला काचेच्या बाहेरून ओला टॉवेल टाकू लागलो. त्या टोकाचे तापमान ३२ अंशांपर्यंत उतरते. उघड्यावरचे ऊन त्याला मिळते ते सकाळी साडेसातला, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली ठेवून, पंधरा-वीस मिनिटे. काचपेटी उन्हात ठेवणे म्हणजे आत भट्टी लावणे. पाच-दहा मिनिटेही नको.

आता दगडू वर्षाचा झाला आहे, शेपटीसकट ४६ सेंटिमीटर आणि ३८० ग्रॅम. एवढ्या प्राण्याला १२० × ६० × ६० सेंटिमीटरची पेटी लागते. ‘आयुष्यभरासाठी’ घेतलेली आमची पेटी दहा महिने पुरली. तशी काच जाड आहे, सरकत्या दाराचे कुलूप चांगले आहे आणि जाळी गंजलेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बाळे गावाच्या बाजूला एक सुतार नवी लाकडी पेटी बनवत आहे, समोर सरकती काच आणि नळीसाठी आतल्या छताला पट्टी. लाकूड उष्णता धरते आणि तीन बाजू बंद राहिल्याने त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसून काचेवर धडका मारण्याचा उद्योगही थांबेल.

हिशेब असा : संचाचे ११,५०० रुपये, आणि संच दुरुस्त करण्यात नळी, हॅलोजन, डिमर, होल्डर, कॅल्शियम, इन्फ्रारेड गन मिळून ९,८०० रुपये. मेहुण्याची गन परत करावी लागली, म्हणून आमची स्वतःची घेतली; सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी घ्यायची वस्तू तीच होती. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मोकळी पेटी, टी-५ नळी, हॅलोजन, गन आणि फरशीचा तुकडा एवढेच सुटे घेईन, आणि साधारण तेवढ्याच पैशांत, एकही वस्तू फेकून न देता काम होईल. विक्रेत्याला मी मोजमापांसह पत्र लिहिले. उत्तरादाखल त्यांनी एक नवा काटेवाला तापमापक मोफत पाठवला. पेटीला पाचपैकी तीन, संच म्हणून पाचपैकी एक. जुना तापमापक अजून काचेवरून निघत नाही, गोंद फार चांगला आहे. पेटीतले दिवे बंद असतानाही आत्ता त्यात ३६ अंश दिसत आहेत, आणि या मे महिन्यात प्रथमच ते खरे आहेत.